कानशिलावरचं बोट

गुरुदत्त विचार करायला लागला की झोपल्यासारखा दिसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं त्यावर आहे.

डोळे मिटतात. खालचा ओठ सुटतो. मान डावीकडे कलते. जागा असतो तो फक्त उजव्या हाताचा अंगठा. तो अनामिकेच्या मधल्या पेरावरून निघतो, करंगळीला वळसा घालतो, वरून फिरून तर्जनीच्या मुळाशी पोचतो. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या घरातले पुरुष संध्येनंतर जप असाच पेरांवर मोजतात. गुरुदत्तने जप मुंजीनंतर वर्षभरात सोडला. अंगठा राहिला. बेरीज, बुद्धिबळ, मित्राने लग्न करावं की नाही, सगळं तो पेरांवरूनच काढतो.

आम्ही बसवनगुडीत एकाच गल्लीत वाढलो. त्याचे आणि माझे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या कारकुनांबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, पायरी उतरली की कन्नड. शाळेत गणिताच्या मास्तरांनी एकदा गुरुदत्तला खडू फेकून मारला. खडू कपाळाला लागला. त्याने डोळे न उघडता उत्तर सांगितलं. उत्तर बरोबर होतं. मास्तरांनी दुसरा खडू मारला.

त्याची आई वसुमती अक्का. पाहुणे आले आणि मुलगा कोपऱ्यात असा बसलेला असला की त्या घाईने म्हणायच्या, "झोपला नाही हो. विचार करतोय." पाहुणे मान डोलवायचे. कुणी मानायचं नाही.

गणितात एम.एस्सी. होऊनही त्याला दोन वर्षं नोकरी नव्हती. हल्ली मुलाखती पडद्यावर होतात. पलीकडून अवघड प्रश्न यायचा. गुरुदत्त विचार करायला लागायचा. पलीकडचे जरा थांबायचे, मग "हॅलो? हॅलो?" करायचे आणि नेट गेलं असं समजून बंद करायचे. एकदा पलीकडच्या बाई इतक्या घाबरल्या की त्यांनी घरात दुसरं कोणी आहे का असं विचारलं. वसुमती अक्का पडद्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "झोपला नाही हो."

मी साहित्यात एम.ए. केलं होतं. मला नोकरी लगेच लागली. याचा धक्का आमच्या घरी अजून ओसरलेला नाही.

मारतहळ्ळीला, रिंग रोडला लागून, काचेच्या इमारतीत एक कंपनी होती. मनोदृष्टी. माणसाच्या चेहऱ्याचं चित्र पाहून तो विचार करतोय की नाही, करत असला तर किती खोल, हे सांगणारं यंत्र ती बनवत होती. कॉलेजांना विकायचं, ऑफिसांना विकायचं. यंत्र शंभरपैकी आकडा देणार होतं. पण नुसत्या आकड्याने माणूस चिडतो. म्हणून आकड्याखाली एक गोड वाक्य हवं होतं. ती वाक्यं लिहायला मला घेतलं. नव्वदच्या वर : 'आपल्या चिंतनाला खोली आहे.' पन्नासच्या आसपास : 'आपले मन मोकळे आहे.' वीसच्या खाली : 'आपल्याला विश्रांतीची गरज आहे.' अशी वाक्यं मी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिली. माझ्या शिक्षणाचं चीज झालं असं प्राध्यापकांना कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं नाही.

तिथेच चित्रांवर शिक्के मारायला माणसं हवी होती. पडद्यावर एक चेहरा येतो. खाली तीन बटणं. 'विचार चालू'. 'विचार नाही'. 'सांगता येत नाही'. बघायचं आणि दाबायचं. यंत्राला आपलं आपण काही कळत नसतं. माणसं जे दाबतात ते ते पाठ करतं, आणि मग तेच माणसांना ऐकवतं. या कामाला मुलाखत नव्हती. मी गुरुदत्तचं नाव दिलं.

सहा महिने कच्ची नोकरी, नंतर पक्की. वसुमती अक्कांनी गल्लीत पेढे वाटले. "एआयमध्ये लागला," असं त्या भाजीवालीलासुद्धा सांगून आल्या. दोन वर्षं लोकांना तोंड चुकवणारी बाई आता कारण नसताना गांधी बाजारात हिंडायला लागली. नोकरी पक्की झाली नाही तर त्या पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, हे गुरुदत्तला माहीत होतं. मलाही होतं.

पहिल्या आठवड्यात यशोवर्धनने त्याला बोलावलं. यशोवर्धन कंपनीचा मालक. पुण्याचा. इथे दोन मराठी माणसं भेटल्याचा त्याला फार आनंद झाला होता. आमचं मराठी ऐकून तो थोडा कमी झाला.

"गुरुदत्त, ॲक्च्युअली काय प्रॉब्लेम आहे? तू सगळ्या इमेजेसवर 'सांगता येत नाही' दाबलंयस."

"सांगता येत नाही की," गुरुदत्त म्हणाला.

"सगळ्यांचंच?"

"एक मुलगा पाटीवर लिहीत होता. त्याला 'चालू' दिलं. मग वाटलं, नक्कल करत असेल. परत घेतलं."

यशोवर्धनने कपाळ चोळलं. "अरे यार, मशीनला 'सांगता येत नाही' शिकवलं तर आपण विकणार काय?"

दुसऱ्या दिवशी तिसरं बटण काढून टाकलं.

पुढे यंत्राला पक्क्या विचारवंतांची चित्रं कमी पडायला लागली. यशोवर्धनने सगळ्यांना फर्मान काढलं. घरी, नात्यात, ओळखीत जे शिकले-सवरलेले, डोक्याने मोठे लोक असतील त्यांचे फोटो आणा आणि स्वतः शिक्के मारा. रविवारी मी गुरुदत्तकडे गेले तेव्हा वसुमती अक्कांनी अल्बम काढून ठेवले होते. आमच्या लोकांच्या स्नेहसंमेलनाचा जाड अंकही होता. सगळे फोटो गांधी बाजाराजवळच्या एकाच स्टुडिओतले. नरसिंहराव नावाचे गृहस्थ तो चालवायचे. आता स्टुडिओ बंद आहे. पण आमच्या भागात तेव्हा पदवी मिळाली की पोस्टाने कागद येण्याआधी माणूस नरसिंहरावांकडे जाऊन फोटो काढायचा. पोझ एकच. डावा हात जाड पुस्तकावर. उजव्या हाताची तर्जनी कानशिलाला. नजर वर, डावीकडे, जिथे स्टुडिओचं घड्याळ होतं. वकील, डॉक्टर, इंजिनीयर, एलआयसीतले, सगळे तसेच. पुस्तकही एकच होतं. जुनी टेलिफोन डिरेक्टरी, वरून काळं कव्हर.

त्यात सगळ्यात जास्त फोटो सुब्बाराव काकांचे. काका गुरुदत्तच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर घरात वडीलधारं माणूस म्हणून तेच. नरसिंहरावांचे लहानपणचे मित्र. चेहरा देखणा, कपाळ मोठं. नरसिंहराव त्यांचे फोटो दुकानाच्या काचेत नमुना म्हणून लावायचे. काका पदवीच्या झग्यात. काका काळ्या कोटात. काका गळ्यात स्टेथोस्कोप घालून. काका बी.ए.ला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उठले. झगा स्टुडिओचा होता.

काका फार गोड माणूस. त्यांनी आयुष्यात कधी काही ठरवलं नाही. हॉटेलात गेले तर वाढप्याला विचारतात, "तू असतास तर काय खाल्लं असतंस?" लग्न ठरवायला लोक आले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी सांगतील तसं." मुलगीही म्हणाली, "घरचे सांगतील तसं." दोघं एकमेकांना इतके आवडले की कुणी काही बोललंच नाही. लग्न राहिलं.

गुरुदत्तने काकांचा झग्यातला फोटो लॅपटॉपवर घेतला. खाली दोन बटणं. त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

वसुमती अक्का मागे उभ्या होत्या. "काय बघतोस? दाब की."

"अम्मा, पण काका..."

"काका काय?"

काका पलीकडे झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहून हसून विचारलं, "माझा कोणता बरा आलाय, गुरू?"

"मोठ्यांच्या फोटोवर 'नाही' दाबणार होतास?" वसुमती अक्कांनी आवाज खाली आणला. "ह्यांच्या धाकट्या भावाच्या? पाप लागेल."

तिसरं बटण असतं तर गुरुदत्तने ते दाबलं असतं. ते नव्हतं. त्याने 'विचार चालू' दाबलं. मग काळा कोट. 'विचार चालू'. मग स्टेथोस्कोप. मग स्नेहसंमेलनाचा आख्खा अंक. कोणी मामा, कोणी आजोबा, कोणी वारलेला. 'नाही' कुणावरच दाबता येईना. बाकीच्या सगळ्यांनी मिळून आणले त्याच्या कितीतरी पट फोटो एकट्या त्याचे झाले.

यंत्र झपाट्याने हुशार झालं. यशोवर्धन खूश झाला. विकण्याआधी ते आपल्याच लोकांवर लावून बघायचं ठरलं. प्रत्येकाच्या पडद्यावर कॅमेरा, दारात एक, हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्हीवर सगळ्यांचे आकडे. यशोवर्धनने जाहीर केलं, "बेसिकली, या महिन्याची सगळी कन्फर्मेशन्स मॉडेल ठरवेल. नो बायस." गुरुदत्तचे सहा महिने त्याच महिनाअखेरीला संपत होते.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीखाली जमलो. सगळ्यात वर नाव होतं शिवाप्पांचं.

शिवाप्पा दारावरचे रखवालदार. आम्ही त्यांना शिवाप्पाण्णा म्हणतो. आकडा शहाण्णव. 'आपल्या चिंतनाला खोली आहे.'

सगळ्यात खाली गुरुदत्त. आकडा अकरा. 'निद्रा. बोटांची अस्वस्थ हालचाल. आपल्याला विश्रांतीची गरज आहे.' शेवटचं वाक्य माझं होतं. ते एवढ्या मोठ्या अक्षरात मी प्रथमच पाहत होते.

यशोवर्धनने शिवाप्पांना आत बोलावून घेतलं. पुढच्या वर्षीच्या योजनांची बैठक चालू होती. त्यांना खुर्ची दिली. शिवाप्पा गालाला हात लावून बसले. बोटं कानशिलापर्यंत गेली होती. भिंतीवरचा आकडा सत्त्याण्णव झाला.

"शिवाप्पा, तुम्हाला काय वाटतं?" यशोवर्धनने हिंदीत विचारलं.

"दाढ, सार," शिवाप्पा म्हणाले. "तीन दिवस झाले."

लोकांनी माना डोलावल्या. एकाने लिहून घेतलं.

दोन दिवसांनी शिवाप्पांनी जयनगरात जाऊन दाढ काढली. हात खाली आला. चेहरा खुलला. आकडा तेवीसवर उतरला. यशोवर्धन फार नाराज झाला. "कुणाला विचारून काढली?" तो म्हणत होता. "असेट होतं ते."

ऑफिसातल्या लोकांना मात्र कळायचं ते कळलं. शास्त्र म्हणून नाही, शाळेतल्या मुलांना कळतं तसं. आधी एकाने बोट कानशिलाला लावलं. मग दोघांनी. आठवड्यात सगळा हॉल नरसिंहरावांचा स्टुडिओ झाला. उजवी तर्जनी कानशिलाला, नजर वर डावीकडे. टाइपिंग उरलेल्या एका हाताने. काम निम्म्यावर आलं. आकडे दुप्पट झाले. यशोवर्धनने आकड्यांचा चढता आलेख करून भिंतीवर लावला. ज्याला खरंच काही अडलं असेल तो उठून बाथरूममध्ये जायचा. तिथे कॅमेरा नव्हता. बाथरूमबाहेर रांग लागायला लागली. रांगेत लोक हळूच एकमेकांना कामाच्या गोष्टी विचारायचे. कंपनीचं जे काही चाललं ते त्या रांगेत चाललं.

"तूपण लाव की बोट," मी गुरुदत्तला म्हटलं. आम्ही जेवायच्या सुट्टीत जिन्यात बसलो होतो. "महिनाभराचा प्रश्न आहे."

"लावून बघितलं."

"मग?"

"बोट लावलं की डोकं बंद होतं. कामात चुका होतात. काढलं की आकडा पडतो." त्याने डबा बंद केला. "अनू, स्वल्प थांब. मला एक बघू दे."

त्याने डोळे मिटले. ओठ सुटला. अंगठा निघाला. करंगळीचा वळसा. तर्जनीचं मूळ. परत. जिन्यातून जाणाऱ्या एका मुलीने मला खुणेने विचारलं, बरं आहे ना? मी मान डोलावली. तिने मानलं नाही.

त्याने डोळे उघडले. "यंत्र चेहरा बघतच नाही," तो म्हणाला. "फक्त बोट बघतं. सगळ्या पक्क्या विचारवंतांत सारखं असं एकच होतं. आणि ते मी दिलं."

तो तसाच उठून यशोवर्धनच्या खोलीत गेला. मी मागे गेले.

सगळं त्याने नीट सांगितलं. स्टुडिओ, पोझ, डिरेक्टरी. यशोवर्धनने शांतपणे ऐकलं. बोट कानशिलाला होतं.

"हे तू विचार करून बोलतोयस?"

"होय की. आत्ताच केला. जिन्यात."

यशोवर्धनने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "जिन्यातही एक कॅमेरा लावलाय परवापासून. हे बघ. सात. तुझा आजवरचा सगळ्यात लो. या वेळात तू विचार केलेलाच नाहीस, गुरुदत्त."

"तेव्हाच तर केला."

"डेटा तसं म्हणत नाही, यार. सात स्कोअरवाल्या माणसाच्या सांगण्यावरून मी अठ्ठ्याण्णव टक्के ॲक्युरेट मॉडेल बदलू?"

"ते फोटो माझ्या काकांचे आहेत," गुरुदत्त म्हणाला. "आणि काकांनी आयुष्यात कधी..." तो थांबला. पुढचं वाक्य वडीलधाऱ्या माणसाबद्दल होतं. ते त्याला उच्चारता येईना.

"कधी काय?"

"कधी या भागात आले नाहीत."

"मग बोलाव ना!" यशोवर्धन उठून उभा राहिला. "शुक्रवारी कॉलेजवाले येतायत डेमोला. ओरिजिनल फोटोतला माणूस, लाइव्ह! क्लास आहे."

गुरुदत्तच्या डोळ्यांत जरा उजेड आला. घरी जाताना बसमध्ये तो म्हणाला, "बरंच झालं. काका आले की सगळ्यांना दिसेल. मला काही बोलावं लागणार नाही."

शुक्रवारी काका काळा कोट घालून आले. सिल्क बोर्डच्या चौकात बस इतका वेळ अडकली होती की त्यांनी शेजारच्या माणसाच्या मुलाचं नाव ठरवण्यात भाग घेतला. म्हणजे त्या माणसाला विचारलं, तुम्हाला कोणतं आवडतं?

"मी काय करायचं, गुरू?"

"काही नाही, काका. बसायचं. फोटोत बसायचात तसं."

हॉलमध्ये सगळे जमले होते. पुढे कॉलेजवाले दोन साहेब. पुढच्या वर्षीपासून ते प्रवेश या यंत्रावर देणार होते. काका कॅमेऱ्यासमोर बसले. तर्जनी आपोआप कानशिलाला गेली. नजर वर डावीकडे, नसलेल्या घड्याळाकडे. मोठं कपाळ दिव्यात चकाकलं. आकडा सरसर चढला आणि नव्याण्णववर थांबला. आजवर कुणालाच नव्याण्णव मिळाले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका हाताने वाजवता येत नाहीत म्हणून बोटं काढून वाजवल्या. क्षणभर सगळ्यांचे आकडे पडले.

"काका," यशोवर्धनने नम्रपणे विचारलं, "आत्ता तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"काही नाही," काका म्हणाले.

"म्हणजे शब्दांत सांगता येण्यासारखं नाही?"

"नाही हो. काहीच नाही. नरसिंह सांगायचा, सुब्बू, फोटोच्या वेळी डोकं चालवू नकोस. कपाळाला आठ्या पडतात. रिकामं ठेव आणि बोट इथं." काकांनी कानशील दाखवलं. "मला ते छान जमायचं. नरसिंह म्हणायचा, तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही."

गुरुदत्तने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं. झालं एकदाचं, असं.

कॉलेजवाल्यांतले थोरले साहेब पुढे झुकले. "निर्विचार अवस्था," ते हळूच म्हणाले.

"एक्झॅक्टली!" यशोवर्धन ओरडला. "थॉटलेस कॉग्निशन! काका, तुम्हाला कल्पना आहे तुम्ही काय आहात?"

"नाही," काका म्हणाले.

"तीच तर ब्यूटी आहे!"

पुढचं फार भराभर झालं. धाकट्या साहेबांनी विचारलं की हे गृहस्थ कंपनीतच असतात का. असतील तर आम्ही यंत्र लगेच घेतो. यशोवर्धन म्हणाला, असतात म्हणजे काय, असणारच. त्याने तिथल्या तिथे पद तयार केलं. मुख्य चिंतन सल्लागार. रोज या खुर्चीत बसायचं, यंत्राला माप म्हणून.

"आणि जागेचाही प्रश्न नाही," तो काकांकडे वळून म्हणाला. "महिनाअखेर गुरुदत्तची रिकामी होतेच आहे."

हे त्याने मराठीत म्हटलं. आपलेपणाने.

गुरुदत्तने घड्याळ पाहिलं. त्या वेळी वसुमती अक्का गांधी बाजारात निघतात.

"कुणाची जागा?" काकांनी विचारलं.

"गुरुदत्तची, काका. सॉरी. तो बसत नाही मॉडेलमध्ये. पण तुमच्या घरातच राहतेय नोकरी, अल्वा?" शेवटचा शब्द, कन्नडमधलं 'हो ना', तो नुकताच शिकला होता.

काकांनी गुरुदत्तकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता म्हणतील, वहिनीला विचारून सांगतो. सगळ्या जन्मात ते तेच म्हणत आले होते.

पण त्यांचं कानशिलावरचं बोट खाली आलं. डोळे मिटले. खालचा ओठ सुटला. मान हळूहळू डावीकडे कलली. मांडीवर पडलेल्या उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकला आणि निघाला.

मी त्यांना बावीस-तेवीस वर्षं ओळखत होते. अंगठा कधी पाहिला नव्हता.

टीव्हीवरचा आकडा गडगडला. ऐंशी. पंचेचाळीस. वीस. नऊ. 'निद्रा. बोटांची अस्वस्थ हालचाल.' खाली माझं वाक्य आलं. 'आपल्याला विश्रांतीची गरज आहे.'

"काका दमले," यशोवर्धन घाबरून म्हणाला. "पाणी आणा. एसी वाढवा. शिवाप्पा, डॉक्टर!"

"थांबा," गुरुदत्त म्हणाला. "कुणी बोलू नका."

त्याचा आवाज असा निघालेला मी कधी ऐकला नव्हता. सगळे थांबले. अंगठा करंगळीला वळसा घालून वर चढला. मधल्या बोटाच्या टोकाशी जरा अडखळला. खूप दिवसांनी चालत असावा. मग तर्जनीवरून खाली आला आणि मुळाशी टेकला.

काकांनी डोळे उघडले.

"गुरू पक्का होणार असेल तर मी येतो," ते म्हणाले. "नाहीतर बेडा. नकोच."

"काका, तुम्ही जरा रेस्ट घ्या, आपण नंतर—"

"नंतर नको. मी इथून उठलो की माझं उत्तर वहिनी देतात. पोराला काढलंत हे कळल्यावर त्या काय देतील ते मी सांगू शकतो." काकांनी टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "आणि याच्यासमोर त्याला बसवायचं नाही. माझ्या पाठीमागे खांब आहे ना, तिथं त्याची खुर्ची टाका. मला काही विचारलंत तर मी त्याला विचारणार. मला स्वतःला काही सुचत नाही."

यशोवर्धनने टीव्हीकडे पाहिलं. तिथे नऊ होते. त्याने कॉलेजवाल्यांकडे पाहिलं. तेही टीव्हीकडेच पाहत होते.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही हे विचार करून बोलताय ना?"

काकांनी तर्जनी उचलली आणि कानशिलाला लावली. नजर वर, डावीकडे. आकडा नव्याण्णव.

"होय की," ते म्हणाले.

"डन," यशोवर्धन म्हणाला. थोरल्या साहेबांनी हात जोडले. गुरुदत्तच्या नोकरीचं पत्र संध्याकाळच्या आत निघालं.

यंत्र विकलं गेलं. पुढच्या वर्षी कुठल्या तरी कॉलेजात मुलं कानशिलाला बोट लावून रांगेत उभी राहतील. खांबामागे गुरुदत्त डोळे मिटून बसेल आणि त्यांना त्यातून कसं सोडवायचं ते पेरांवर मोजत असेल. पहिल्याच दिवशी त्याने काकांना सांगायला लावलं की तिसरं बटण परत बसवा. काकांनी बोट लावून ते सांगितलं. एकाने लिहून घेतलं. बसवतात का बघायचं.

त्या शुक्रवारी आम्ही तिघं एकत्र परतलो. गर्दीत बसायला जागा मिळाली. काका खिडकीशी, गुरुदत्त मधे, मी कडेला. काका म्हणाले, "दमलो रे गुरू. असलं परत करायला लावू नका मला." मग कोट काढून दोघांच्या मांड्यांवर पसरला. दोघांचे हात कोटाखाली गेले.

सिल्क बोर्डाला बस थांबली ती थांबलीच. मी शेजारी पाहिलं. दोघांचे डोळे मिटले होते. दोघांचे ओठ सुटले होते. दोन्ही माना डावीकडे.

कंडक्टर तिकिटाला आला. त्याने दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झोपलेत का दोघं?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

मी कोटाकडे पाहिलं. कोट बसच्या इंजिनाबरोबर थरथरत होता.

"सांगता येत नाही," मी म्हटलं आणि तिघांची तिकिटं काढली.